मिशीवाला र

अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. हे वाक्य आमच्या संस्थेच्या दर्शनी भिंतीवर वीतभर उंचीच्या पितळी अक्षरांत लावलेलं आहे. काही वर्षांपूर्वी त्यातल्या पहिल्याच शब्दातला 'क्ष' निखळला आणि खाली लावलेल्या स्कूटरवर पडला. स्कूटरच्या मालकाने लेखी तक्रार केली, शिपायाने 'क्ष' उचलून आत आणला आणि भांडार सांभाळणाऱ्या कारकुनाने नियमाप्रमाणे डेड स्टॉकच्या वहीत, म्हणजे निकामी वस्तूंच्या नोंदवहीत, त्याची नोंद केली: 'अक्षर, पितळी, नग एक. शेरा: पडले.' तेव्हापासून भिंतीवर 'अ र म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते' असं आहे.

"राहू द्या तसंच," मॅडम म्हणाल्या होत्या. "पाटी आत्ता कुठे खरं बोलायला लागलीय."

मॅडमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. यात गुपित काही नाही. त्या आडनावात तो र आहे, 'दुसऱ्या'तला, 'तऱ्हे'तला, आणि हा मजकूर माझ्या हातून सुटल्यावर तुमच्यापर्यंत यायला किती संगणकांमधून जाणार आहे ते मला ठाऊक नाही. आत्ताच्या वाक्यात तो तुम्हाला नीट दिसला असेल तर नशीब समजा. नाव चुकीचं छापण्यापेक्षा न छापलेलं बरं, ही त्यांचीच शिकवण.

त्या र ला त्या 'मिशीवाला र' म्हणत. साधा अर्धा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, तो रफार. 'सूर्य'मधला. हा मात्र पुढच्या अक्षराच्या अलीकडे आडवी मिशी होऊन राहतो. 'सुऱ्या'मधला. "कुणाच्या डोक्यावर न बसता काम करणारा," त्या म्हणत, "या इमारतीत एवढा एकच आहे."

आमची संस्था गावांच्या नावांचा कोश काढते. बारा खंड. मी तिथे सहायक संपादक होतो, आणि मॅडम 'अक्षरजुळणी विभाग' होत्या. विभागात त्या एकट्याच होत्या. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून येत, दहाला पाच कमी असताना खुर्चीवर असत, आणि आलेल्या माणसाला आधी "बसा" म्हणत नसत; आधी त्याच्या हातातला कागद वाचत. त्यांना लग्नपत्रिका द्यायला लोक घाबरत. एकाने दिली तर त्यांनी ती तिथल्या तिथे तपासून, समासात खुणा करून परत केली आणि म्हणाल्या, "अभिनंदन. वधूचं नाव मात्र एकदा तिला विचारून घ्या."

त्यांची खरी करामत वेगळीच होती. कोशाचे खंड, संगणकाआधी छापलेलेसुद्धा, पूर्वी एका जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाले होते. तो फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. संगणकाला वाटायचं की आपण युरोपातली अक्षरं साठवतोय. फॉन्ट त्यांच्या अंगावर मराठीचे कपडे चढवायचा. फॉन्ट काढून घेतला की कपडे गळायचे आणि पडद्यावर मूळ मंडळी उघडी पडायची: डोक्यावर दोन टिंबं असलेला ओ, टोपी घातलेला ए, शेपूट फुटलेला सी. पानच्या पान असं. पाहणाऱ्याला वाटावं, युरोपातल्या सगळ्या भाषांचं एकाच खोलीत भांडण लागलंय.

मॅडम हे सरळ वाचत. चष्मा कपाळावर सरकवून, पेपर वाचावा तसं, मोठ्याने.

बाहेरच्या माणसांत हे पहिल्यांदा पाहिलं ते एका मुलीने. ती हिंजवडीच्या एका कंपनीत इंजिनीअर होती, राहायला धायरीला, आणि कोश इंटरनेटवर आणायचं काम त्या कंपनीने घेतलं होतं म्हणून आमच्याकडे यायची. मॅडमच्या पडद्याकडे बघून तिने आदराने विचारलं, "मॅडम, हे जर्मन आहे का?"

"नाही. मुळशी."

"म्हणजे?"

"मुळशी तालुका. हा टिंबवाला ओ आमचा काना आहे. हा टोपीवाला इथे उगाच आलाय, तुमच्या कंपनीच्या कृपेने." आणि त्यांनी तिला भाताच्या जातींवरचा एक परिच्छेद त्या टोप्या-शेपट्यांतून वाचून दाखवला. मुलीने फोन काढून व्हिडिओ घ्यायचा प्रयत्न केला. मॅडम म्हणाल्या, "आपण काम करायला आलाय की सर्कस बघायला?"

आपण. त्या सगळ्यांना 'आपण' म्हणत. अपमान करतानाही. किंबहुना तेव्हा जास्तच.

संगणकाच्या चुकांची त्यांच्याकडे प्रतवारी होती. अक्षराच्या जागी रिकामा चौकोन आला तर त्या खूश असत. "चौकोन प्रामाणिक असतो. 'मला हे येत नाही' असं कबूल करतो. आत अक्षर जिवंत असतं, फक्त चेहरा नसतो." प्रश्नचिन्ह आलं की चेहरा पडायचा. "हे गेलं. आत काही उरलं नाही. आता मूळ प्रत शोधा." पण सगळ्यात वाईट चूक त्या तिसरीच सांगत: जी बरोबर दिसते ती. "दिसतं तसं नसतं," त्या म्हणत, "म्हणून तर बॅकअप असतं." त्यांचं बॅकअप तीन ठिकाणी असे. त्यातलं एक त्यांच्या घरी, तांदळाच्या डब्याशेजारी.

एकदा जर्मनीहून एक अभ्यासक आले होते. आठवडाभर कोशाचे जुने खंड चाळून, चुका काढून, खूप मदत करून गेले. त्यांच्या आडनावात दोन टिंबांचा ओ होता. मॅडमनी त्यांचं कार्ड हातात घेतलं आणि खऱ्या कौतुकाने म्हणाल्या, "यांच्या नावात काना आहे." पुढच्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांचे आभार रोमन लिपीत छापायचे होते. आमच्या कार्यवाहांनी, म्हणजे संस्था चालवणाऱ्या गृहस्थांनी, नाव टिंबांशिवाय लिहून पाठवलं. मॅडमनी कागद परत केला.

"टिंबांशिवायही कळतं की, मॅडम," कार्यवाह म्हणाले.

"कळतं. आपल्या नावातला अनुस्वार काढला तरी आपण येतच राहाल. काढू का?"

टिंबं राहिली. पण आता त्या फाइलमध्ये एक असा ओ झाला जो काना नव्हता, खरोखरच ओ होता. मॅडमनी आपल्या वहीत लिहून ठेवलं: 'खंड नऊ, प्रस्तावना, ओळ चार. इथला ओ हा ओच आहे. हात लावू नये.' ही वही पुढे कामाला आली.

त्यांच्या टेबलावर, माउसच्या शेजारी, शिशाचा एक खिळा उभा असायचा. छापखान्यात पूर्वी अक्षरं जुळवत, तो खिळा. तांदळाच्या दाण्याएवढा चेहरा, त्यावर मिशीवाला र, कागदावर उमटल्यावर सुलटा दिसेल असा. नवीन माणसाला तो पेपरवेट वाटायचा. एवढ्या वजनाखाली बसचं तिकीटही राहिलं नसतं. मी तिथे लागून दोन वर्षं झाल्यावर एकदा चहाच्या वेळी विचारलं.

"वडिलांचा," त्या म्हणाल्या. "इथेच होते. खाली आता जिथे पार्किंग आहे ना, तिथे संस्थेचा छापखाना होता. जुळारी होते ते."

त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला आणि मुलाला शाळेतून काढून चामड्याच्या कामाला लावायचं नाही असं ठरवलं. मुलगा शिकला आणि छापखान्यात लागला. कोशाचा पहिला खंड त्याने जुळवला. शेवटच्या पानावर तळाशी बारीक टाइपात एक ओळ आहे, 'जुळणी', आणि पुढे त्याचं नाव. ते पान जुळवायची वेळ आली तेव्हा मिशीवाल्या र चे सगळे खिळे आधीच्या पानांत अडकलेले होते. मॅनेजर म्हणाला, रफार टाका, कोण बघतंय.

"मग?"

"जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या एका खिळ्याला कानस मारून त्यांनी हा तयार केला. जेवले नाहीत त्या दिवशी. छापून झाल्यावर मॅनेजरला विचारून घरी आणला." त्यांनी खिळा पालथा करून पुन्हा उभा केला. "माझ्या आजोबांचं नाव कुठेच छापलेलं नाही. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा गावातल्या मास्तरांनी वाटेल तसं लिहिलंय. वडिलांचं एकदा छापलं. एकाच ठिकाणी. तेवढं तरी नीट असू द्यावं माणसाने."

मग त्या कामाला लागल्या आणि मीही. त्यांच्यासमोर हळवं होण्याची सोय नव्हती.

कोश इंटरनेटवर येण्याचं ठरलं आणि संस्थेत उत्साह संचारला. अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन, निमंत्रित पाहुणे, सनई. अध्यक्षांना सगळे 'आचार्य' म्हणत. ही पदवी त्यांना कोणी दिली हे विचारायची पद्धत नव्हती. कंपनीने बारा खंड दोन दिवसांत जुन्या फॉन्टमधून नव्या पद्धतीत आणून दिले. कार्यवाहांना हे इतकं आवडलं की ते मॅडमना म्हणाले, "तुम्ही दोन वर्षं मागत होतात."

कंपनीचं काम वाईट नव्हतं. एका बैठकीत मात्र थोडी गडबड झाली. धायरीची मुलगी म्हणाली, "सर, काही ठिकाणी स्क्रिप्ट चेंज करावी लागेल." त्यांच्या भाषेत स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी. कार्यवाह ताडकन उभे राहिले. "देवनागरी बदलणार नाही! या संस्थेच्या घटनेत आहे ते!" मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मॅडमनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "प्या. इथे असंच असतं."

बदललेला मजकूर मॅडमकडे तपासायला आला. सोबत एक छापील कागद: 'सर्व मजकूर तपासला, बिनचूक आहे.' खाली सहीची जागा. मॅडम तेव्हा निवृत्त होऊन मुदतवाढीवर होत्या आणि ती मुदत त्याच महिन्यात संपत होती. त्यांनी सगळ्यात आधी पहिल्या खंडाचं शेवटचं पान उघडलं. मी शेजारीच उभा होतो. वडिलांच्या आडनावातली मिशी गेली होती आणि ह च्या डोक्यावर रफार बसला होता. चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही. स्वच्छ, ठळक, बरोबर दिसणारं चुकीचं नाव.

त्यांनी दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. मग मुलीला बोलावलं.

"या फाइलचं आपण काय केलंत?"

"कन्व्हर्ट केली, मॅडम. मग क्लीन केली. आत खूप इनव्हिजिबल कॅरेक्टर्स होती. जंक."

झालं होतं ते असं. मिशीवाला र संगणकाला सांगायच्या दोन रीती आहेत. एकीत त्याच्यासाठी वेगळं अक्षरच आहे. दुसरी जुनी: साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे एक न दिसणारं चिन्ह ठेवायचं. ते चिन्ह र ला धरून ठेवतं, डोक्यावर चढू देत नाही. लग्न जमवून पंगतीला न थांबणाऱ्या मध्यस्थासारखं. कंपनीच्या यंत्राने दुसरी रीत वापरली, आणि मग कंपनीच्याच साफसफाईने सगळे मध्यस्थ झाडून काढले.

"दिसत नव्हतं म्हणून जंक?" मॅडमनी विचारलं.

"हो... म्हणजे, जनरली तसंच करतात."

"माहितीय. आमच्या वस्तीच्या बाबतीतही जनरली तसंच करायचे."

मुलीचा चेहरा उतरला. मॅडम म्हणाल्या, "आपली चूक नाही. आपल्याला कुणी सांगितलं नाही. आता सांगितलंय."

सहीच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. मागच्या बाजूला लिहिलं: 'तपासले. बिनचूक नाही.' खाली उदाहरणं. कार्यवाहांनी बोलावून घेतलं. उदाहरणं वाचून दाखवावी लागली तर असावा म्हणून मलाही.

"उद्घाटन आठ दिवसांवर आहे, मॅडम. एका रफारासाठी थांबायचं?"

"आंबेगावच्या नोंदीत 'पश्चिमेस खोल दर्या आहेत' असं झालंय. दऱ्यांचा दर्या. घाटावर समुद्र कधी आला?"

"वाचणाऱ्याला संदर्भाने कळतं हो."

"माणसाच्या नावाला कुठला संदर्भ असतो?"

कार्यवाहांनी पेन बंद केलं. ते दुष्ट नव्हते. त्यांनी सनईवाल्यांशी बोलणी केलेली होती. "स्पष्ट बोलतो. हा कागद सहीसह आला तर तुमच्या मुदतवाढीचं मी बघतो. नाहीतर तीस तारखेला काम थांबेल. नंतर दुरुस्त्या करायला इथे कुणी असेल की नाही, मला सांगता येणार नाही."

म्हणजे पेच असा होता: सही केली तर चुकीचं नाव बरोबर आहे असं लिहून देणं, आणि नाही केली तर ते दुरुस्त करायला आपणच नसणं. मॅडम जिन्यात दोन मिनिटं उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "सही करा आणि मग हळूहळू दुरुस्त करा. व्यवहार आहे."

"मॅनेजरही हेच म्हणाला होता," त्या म्हणाल्या.

सही झाली नाही. उद्घाटन ठरल्या दिवशीच ठेवलं गेलं. दोन दिवस आधी कार्यवाह पुन्हा आले, जरा मऊ आवाजात. "मॅडम, समारंभात अध्यक्ष कोशात एक शब्द शोधून दाखवणार आहेत. एखादा छान, शुभ शब्द सुचवा ना. तुम्हाला मजकूर पाठ आहे."

मॅडमनी क्षणभर छताकडे पाहिलं. मग चिठ्ठीवर एक शब्द लिहून दिला. "त्यांना शोभेल असा दिलाय."

कार्यवाहांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

समारंभाला सभागृह भरलं होतं. मॅडम शेवटच्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. अध्यक्षांनी अक्षरब्रह्मावर पाऊण तास भाषण केलं. मग मुलीने तो शब्द टाइप केला, 'आचार्य', सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली आणि अध्यक्षांनी एका बोटाने बटण दाबलं. पडद्यावर तीन नोंदी आल्या. पहिल्या दोन ठीक होत्या, मठ आणि पाठशाळा. अध्यक्षांना स्वतःचा आवाज प्रिय असल्याने त्यांनी तिसरीही खणखणीत वाचायला घेतली.

"'येथील आचार्यांच्या हाताला चव असून पंचक्रोशीतील लग्नकार्यांत त्यांना आवर्जून बोलावले जाते. मसालेभातासाठी या आचार्यांना...'" ते थांबले. पुढचे शब्द पडद्यावर होतेच. "'...तोड नाही.'"

सनईवाल्याने वाद्य खाली ठेवलं. मग तिसऱ्या रांगेतून एका वृद्ध गृहस्थांचा आवाज आला, "वा, आचार्य! आमच्याकडे मुंज आहे पुढच्या महिन्यात. किती पानांचं घेता?"

त्यानंतरचं हसू आवरायला बराच वेळ लागला. मूळ नोंद अर्थात आचाऱ्यांची होती, स्वयंपाक्यांची. एका मिशीअभावी ते सगळे पीठावर जाऊन बसले होते.

मॅडम हसल्या नाहीत. उठून जाताना मला म्हणाल्या, "संदर्भाने कळलं बघा सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन महिन्यांच्या मुदतवाढीचं पत्र त्यांच्या टेबलावर होतं. पत्रात कारण 'तांत्रिक' असं दिलं होतं. कोश इंटरनेटवरून उतरवला गेला. मॅडमनी घरून, तांदळाच्या डब्याशेजारून, मूळ फाइली आणल्या. धायरीची मुलगी रोज येऊन बसायला लागली. तिने नवी स्क्रिप्ट लिहिली आणि मॅडमनी ती वहीशी ताडून पाहिली. कार्यवाहांनी या वेळी त्या शब्दाला हरकत घेतली नाही. मिशीवाल्या र ला आता त्याचं स्वतःचं अक्षर दिलं गेलं, मध्यस्थाशिवाय. 'वऱ्हाड', 'पायऱ्या', 'शेतकऱ्यांच्या', एकेक करून परत आले. घाटावरचा समुद्र ओसरला. स्क्रिप्टमध्ये वरून बाराव्या ओळीला एक अपवाद आहे, फक्त एका माणसासाठी: खंड नऊ, प्रस्तावना, ओळ चार, इथला ओ हा ओच.

"मॅडम, एका नावासाठी सेपरेट लाइन?" मुलीने विचारलं होतं.

"त्यांच्या वडिलांनी दिलेली टिंबं आहेत ती. लिहा."

पहिल्या खंडाचं शेवटचं पान त्यांनी सगळ्यात शेवटी केलं. मुलीने बटण दाबलं, पान आलं. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, वाचलं, चष्मा खाली आणून पुन्हा वाचलं. मग ड्रॉवरमधून तो छापील कागद काढला, मागचं 'बिनचूक नाही' मधलं 'नाही' खोडलं, आणि सही केली. त्या सहीतही मिशी होती. जरा लांबच काढली होती.

निरोपसमारंभ त्यांनी नाकारला. "मानपत्र छापाल, आणि मला ते तपासत बसावं लागेल." शेवटच्या दिवशी संगणक बंद केला, डबा पिशवीत टाकला, आणि तो खिळा घेऊन भांडाराच्या कारकुनासमोर उभ्या राहिल्या. मी पिशवी धरून मागे.

"हा संस्थेचा आहे. जमा करून घ्या."

मी म्हटलं, "मॅडम, ठेवा की. आठवण म्हणून."

"आठवण म्हणून नव्हता ठेवला. पुरावा म्हणून ठेवला होता. आता लागणार नाही."

कारकून तीस वर्षं निकामी वस्तू नोंदवत आलेला, कसलंच आश्चर्य न वाटणारा माणूस. त्याने खिळा उजेडात धरला, फिरवला, भिंग लावून बघितला. "मॅडम, हे नेमकं काय म्हणून लिहू?"

"अक्षर," मॅडम म्हणाल्या, आणि बस गाठायला गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी ती वही मुद्दाम काढून पाहिली. पितळी 'क्ष'च्या खाली, त्याच हस्ताक्षरात, नोंद आहे: 'अक्षर, शिशाचे, नग एक. शेरा: उलटे आहे.'